या पुस्तिकेत वापरलेल्या खुणा

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. पंपाचा स्टार्टर, ठिबकचा कंट्रोलर, इन्व्हर्टर असल्या वस्तूंच्या खोक्यात तळाशी एक चोपडं असतं आणि खोकं फेकताना लोक ते त्याच्यासकट फेकून देतात. ते चोपडं माझं. त्यावर कंपनीचं नाव असतं, छापखान्याचंही असतं, लिहिणाऱ्याचं कधीच नसतं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता पगार वेळेवर झाला की बास असं म्हणते, पण राग काही पुरता गेलेला नाही.

या चोपड्यात अगदी पुढच्या पानांत एक मथळा असतो: ‘या पुस्तिकेत वापरलेल्या खुणा’. ठळक अक्षरात छापलेलं ते दाबायचं. तिरप्या अक्षरात छापलेलं ते नुसतं बघायचं, त्याला हात लावायचा नाही. त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल तिथं जिवाला धोका आहे, आधी वाचायचं आणि मगच पुढं जायचं. हे पान कुणी वाचत नाही. मला मात्र सगळ्या पुस्तकात हेच पान आवडतं. पुढं मी तुमच्याशी असं असं बोलणार आहे, असा शब्द लिहिणारा तिथं वाचणाऱ्याला देतो. बाकीच्या पानांवर तो फक्त पाळायचा असतो.

हे सगळं इंग्रजीतून आलेलं, त्यामुळं मराठीत बसवताना नाकी नऊ येतात. आपली अक्षरं तिरपी केली की वारं लागल्यासारखी दिसतात. ठळक केली की ‘क्ष’चं पोट बुजून जातं. त्यातून सर्किटच्या आकृत्या असतात. तिथं एखाद्या नावावर आडवी रेघ दिली तर त्याचा अर्थ असा, की ही तार वीज नसताना काम करते. वीज गेली की तिचं म्हणणं सुरू होतं. मी साहेबांना म्हटलं, आमच्या लिपीत तर प्रत्येकच शब्दाच्या डोक्यावर रेघ आहे, मग वाचणाऱ्याला कळायचं कसं? ते म्हणाले, मग जाड रेघ द्या. अशा माणसांच्या हाताखाली माझी वीसेक वर्षं गेली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पिठाची गिरणी चालवायचे. माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी गिरणी बसवली आणि पुढचा सगळा जन्म त्या पांढऱ्या धुरळ्यात काढला, वर विडी होतीच. फुप्फुसं कशानं गेली ते डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. गिरणीचा पट्टा उतरवून ठेवला तेव्हा ते उंबऱ्यापासून बाजेपर्यंत चाललं तरी धापा टाकत होते. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं.

मी म्हटलं, पुण्याला माझ्याकडं चला. मला भाऊ-बहीण नाही, तेव्हा हे म्हणणारीही मी एकटीच होते. आप्पांनी माझं घर एकदा बघितलेलं होतं. ते म्हणाले, “तिथं खिडकीतनं काय बघू? दुसऱ्याची खिडकी?”

म्हणून मशीन गावी आलं. चाकांचं, गुडघ्याच्या वर येईल एवढं, दिवसभर घुमत राहणारं. हवेतला ऑक्सिजन गाळून घ्यायचा आणि नळीनं नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. दर्शनी बाजूला काचेची एक नळी, तिच्यात एक छोटी गोळी तरंगत असते. खालचं बटण पिळलं की ती वर-खाली होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेवर ती उभी राहिली पाहिजे. खाली घसरली तर आप्पांना दम लागणार, आणि फार वर गेली तर या आजारात माणसाला गुंगी येते, कधी कधी तो त्यातून उठतही नाही. बाजूला पाण्याची बाटली, मागं धुळीची जाळी. हे सगळं चालवणार कोण, तर आई. चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येणारी, पण कागदापेक्षा माणसाला विचारून चालणारी. मी सुट्टी मिळेल तशी येणार. मधल्या दिवसांत आप्पांचा श्वास आईच्या हातात.

मशीनबरोबर आलेल्या चोपड्यात जगातल्या कितीतरी भाषा होत्या, मराठी नव्हती. मग मी बसले. इतकी वर्षं परक्या माणसांसाठी लिहिलं, आता आपल्या आईसाठी लिहायचं. जीव ओतून मी एक पान केलं. दाबायचं ते ठळक, बघायचं ते तिरपं, धोक्याच्या ओळींना त्रिकोण. आकडे मुद्दाम इंग्रजी ठेवले, कारण आपला १ आणि त्यांचा 9 यांत गफलत झाली असती. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून घेतलं आणि घेऊन गेले.

आईनं ते पान लांब धरून बघितलं. ठळक शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, “हे रागाला यिऊन लिवल्यावाणी दिसायलंय.” तिरप्या अक्षरांबद्दल म्हणाली, ही बिचारी झोपायला आलीत. आप्पा नळीतून हसले आणि हसण्यानं त्यांना खोकल्याची उबळ आली. मग आईनं खिळा ठोकून ते पान कॅलेंडरशेजारी टांगलं, देवाच्या तसबिरीइतक्याच उंचीवर. तिथंच मला संशय यायला हवा होता. जी गोष्ट आई इतक्या उंचावर टांगते तिच्या ती पाया पडते, तिचं ऐकत नाही.

तरी गाडी बरी चालली होती. गोळी कुठं आहे, बाटलीत पाणी किती आहे, हे आई मला रोज सकाळी फोनवर सांगायची. मी हो म्हणायचे आणि माझ्या कामाला लागायचे. वीज गेली की मशीन कोकलायचं, मग शेजारचा एकजण येऊन ऑक्सिजनचा भरून ठेवलेला सिलिंडर जोडून द्यायचा.

खंडेनवमीला मी व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुजतात. विळा, खुरपं, शिलाई मशीन, गिरणीचं जातं, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. आईनं फोन कोनाड्यात उभा करून ठेवला होता. आप्पा बाजेवर टेकून बसलेले, नाकात नळी. ऑक्सिजनचं मशीन पुसून पाटावर चढवलेलं, त्याला झेंडूचा हार. आणि आई पेटतं निरांजन घेऊन त्याला ओवाळत होती. आधी मशीनला, आणि मग ताट घेऊन ती आप्पांच्या तोंडाकडं वळली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आमच्या ऑफिसात माणसं खुर्चीवरून उठली होती. ऑक्सिजनच्या तोंडाशी ज्योत नेली तर काय होतं हे मी त्या मशीनच्या चोपड्यात वाचलेलं होतं. आई जागच्या जागी थांबली. ज्योत मालव म्हटलं तर मालवेना, नवमीच्या दिवशी दिवा विझवायचा कसा? शेवटी ताट तसंच घेऊन ती अंगणात गेली आणि तुळशीपाशी ठेवून आली. काही झालं नाही. आप्पांना तर मी का ओरडले तेही कळलं नव्हतं, ते मला शांत हो म्हणून हात करत होते.

आग लागली असती, आप्पा गेले असते, तूही गेली असतीस, असं मी बोलत सुटले. कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलंय, मशीनजवळ दिवा, विडी, चूल काही आणायचं नाही. तू तो कागद वाचला नाहीस का?

“वाचला की,” आई म्हणाली. “तिरकोनाच्या वळी तेवढ्या सोडून. डीपीवर तसाच तिरकोन अस्तोय न्हवं? तिथं आपलं काम न्हाय, वायरमनचं हाय, म्हनून म्या तिकडं बघतच न्हाय.”

शेतातल्या डीपीच्या पेटीवरचा तो त्रिकोण आईनं जन्मभर पाळलेला. इथून लांब राहा, हे तुझ्यासाठी नाही, असं तो सांगतो आणि ती लांब राहते. जगातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली खूण, त्यात कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. फक्त ज्या ओळींनी आप्पांचा जीव वाचायचा, त्या तेवढ्या आईनं वाचल्या नव्हत्या.

दिवाळीला मी गावी गेले. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी आप्पांना धुराचा त्रास नको म्हणून तेरखेड्याच्या फटाक्यांची लड वेशीबाहेर नेऊन लावली. आमच्या दारापुढं एक टिकलीसुद्धा वाजली नाही. घरात पाऊल टाकलं आणि आधी भिंतीकडं बघितलं. माझं पान खिळ्याला होतं. मग मशीनकडं बघितलं, तर त्याला गोंदल्यासारखं केलेलं.

चालू करायच्या बटणावर कुंकवाचं बोट. बाटलीच्या झाकणावर कुंकू, मागच्या जाळीच्या कडेला कुंकू. काचेच्या नळीत गोळी उभी राहायची त्या रेघेवर हळदीची बारीक ओढ, बाटलीत पाणी असावं तिथंही हळदच. गोळीच्या नळीवर त्या हळदीच्या वर मात्र काळा पट्टा, आणि तसाच काळा ठिपका मशीनच्या ज्या तोंडातून नळी निघते त्याच्या वर.

मी आधी चिडले. दवाखान्याची वस्तू, तिला असं रंगवायचं? कुंकवात तेल कालवलं असेल तर आणखी धोका, ऑक्सिजनजवळ तेलाचा थेंब चालत नाही. आई म्हणाली, तेल न्हाय, पाण्यात कालवलंय, खंडेनवमीला तू फोनवर वरडत होतीस त्यात तेलाचंबी सांगितलीस की. मग तिनं मला समजावून दिलं. जिथं रोज हात लावायचा तिथं कुंकू. जिथं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, तिथं हळद. आणि जिथं काही वंगाळ होईल तिथं तव्याच्या बुडाची काजळी, लेकराला तीट लावावी तशी. काळ्याच्या वर गोळी जाऊ द्यायची नाही, काळ्याजवळ दिवा आणायचा नाही.

ठळक, तिरपं आणि त्रिकोण. माझंच पान होतं ते, माझ्याच शिस्तीत लावलेलं. म्हणजे तिनं ते त्रिकोणाच्या ओळींसकट वाचलं होतं, आणि तिला हवं तिथं उतरवून घेतलं होतं. तसं मला कुणाचं चांगलं म्हणायला वेळच लागतो. भिंतीवरचं पान काढून पिशवीत टाकलं तेव्हा आई म्हणाली, ऱ्हाऊ दे की, चांगलं दिसतंय. मग परत टांगलं.

पाण्यातलं कुंकू टिकत नाही. म्हणून आई रोज आंघोळ झाली की आधी आपल्या कपाळाला लावायची आणि त्याच बोटानं पुढं मशीनकडं जायची. बटण, झाकण, जाळी. मग हळद, मग काजळी. आप्पा बाजेवरून बघत असायचे. ते मला फोनवर म्हणायचे, तुझ्या आईनं ह्या डब्यासंगं माझं लगीन लावलंय, आता ह्याला तिची सवत म्हनावं का काय तेबी कळंना. आई मागून म्हणायची, गप बसा, बोलून दम लागतो. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की त्याच्याशिवाय माझी सकाळ उजाडली असं वाटायचं नाही. हिवाळा त्यावर निघाला. डॉक्टरांना वाटलं नव्हतं निघेल म्हणून.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोन आला. दुपारी आई कधी फोन करत नाही. मागं मशीनचा आवाज चालू होता, तो ऐकून मला आधी हायसं वाटलं.

“तुजे आप्पा गेले,” ती म्हणाली. “मगाशीच गेले, शेजारच्यांनी बी बघितलं. मशीन चालूच हाय. बंद करू का?”

ती थांबली. हवा तिकडं नळीतून कुणासाठीच नाही अशी वाहत होती आणि गोळी हळदीच्या रेघेवर उभी असणार. बंद करायचं बटण तिला माहीत नव्हतं असं नाही, जाळी धुताना ती रोज ते बंद करायची. पण हे बंद करणं वेगळं होतं. ते माझ्या पानावर कुठं नव्हतं, कुठल्याच पुस्तकात नसतं. आम्ही सुरू कसं करायचं ते लिहितो, बिघडलं तर काय, साफ कसं करायचं, भंगारात कसं द्यायचं, सगळं लिहितो.

“तू म्हन, मग करते,” आई म्हणाली.

मी म्हटलं, कर. खट्ट असा आवाज आला आणि मग घरातला इतर आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी रडत होतं, अंगणात कुणी सायकल लावत होतं. इतके महिने त्या घुमण्याच्या मागं काय काय चाललेलं असायचं ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

दहाव्याला भावकीतल्या बायकांनी आईचं कुंकू पुसलं. मी भांडले. आजकाल कोण पाळतंय हे, म्हणाले, पुष्कळ गावांनी बंद केलंय, ठराव केलेत. बायका माझ्याकडं शहरातली म्हणून बघत राहिल्या. आईनंच मला हातानं बाजूला केलं. तिला भांडण नको होतं, आणि खरं सांगायचं तर तिला कुंकूही नको होतं. त्या मोकळ्या कपाळाकडं बघवत नव्हतं. आणि मला काय आठवावं, तर सर्किटमधली ती डोक्यावर रेघ असलेली नावं, जी नसण्यानंच काम करतात. आईकडं आता लांबूनही बघितलं तरी आप्पा नाहीत हे कळत होतं. माझ्या धंद्याचा मला त्या दिवशी वीट आला.

मशीन पोत्यानं झाकून कोपऱ्यात ठेवलं. पावसाळा संपता संपता गावातल्याच एका घरातून विचारणा झाली. तिथला नवरा आप्पांसारखाच धापा टाकायला लागलेला, वयानं आप्पांपेक्षा बराच लहान. बायको माझ्याच वयाची असेल. आई म्हणाली, दिऊन टाकू, पर तू ये. मी आले.

पोतं काढलं तर खुणा गेलेल्या. कुंकवाचा नुसता तांबूस डाग, हळद तर दिसतच नव्हती. मी म्हटलं, त्यांना मी पान करून देते, आता मला कळलंय कसं करायचं ते, त्रिकोण घालणार नाही. आई म्हणाली, कागद दे, पर खुना पायजेत. तिनं देवळीतून करंडा काढला, हळद काढली, तव्याच्या बुडाची काजळी वाटीत खरवडली, सगळं पाण्यात कालवलं आणि वाट्या माझ्यापुढं सरकवल्या.

मी म्हटलं, तूच लाव. तुझ्या हाताला सवय आहे.

“सवाष्णीच्या घरी चाललंय ते,” ती म्हणाली. “माज्या हातचं कुकू न्हाय चालत.”

माझा तोल गेला. मी म्हणाले, तुझ्याच हातच्या कुंकवावर आप्पा हिवाळ्यातून निघाले. डॉक्टर काय म्हणाले होते ते विसरलीस का? तुझ्या हातचं चालत नाही मग कुणाच्या हातचं चालतं? आई ऐकून घेत होती, मला वाटलं पटतंय. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, “बरुबर हाय तुजं. पर त्या पोरीच्या मनात किंतु नगं. तिला ह्या मशीनकडं रोज बघायचंय.”

मी वाट्या घेऊन मशीनपुढं बसले. आई माझ्या शेजारी. तिनं कोरडं बोट बटणावर टेकवलं आणि उचललं. मी त्या जागी कुंकू लावलं. तिनं झाकणावर बोट ठेवलं, मी मागून लावलं. जाळी. मग काचेची नळी. नव्या माणसाची रेघ डॉक्टरांनी वेगळी सांगितली होती, ती मी दाखवली. आईचं बोट मात्र आधी आप्पांच्याच रेघेवर गेलं आणि तिथं थोडं थांबलं. मग तिनं ते सरकवलं. मी हळद ओढली. काजळीचा पट्टा माझ्या हातून वाकडा आला. आई म्हणाली, तीट वाकडीच असावी.

संध्याकाळी ती बाई नवऱ्याच्या भावाला घेऊन मशीन न्यायला आली. मी तिला एकेक खूण सांगितली. तिला पटकन समजलं, फिरून विचारावं लागलं नाही. जाळीच्या कडेवरून बोट फिरवत तिनं विचारलं, “लई चांगलं केलंय काकू. कुनी काढल्या वो ह्या खुना?”

मी तोंड उघडलं होतं. आई माझ्याआधी बोलली.

“माज्या लेकीनं. कामच हाय तिचं ते, पुन्याला.”

त्या बाईनं माझं नाव विचारलं आणि मी सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्यावर माझं नाव पहिल्यांदा लागलं, आणि ते लिहिणं आईचं होतं.